अध्याहृत तास

वीजबिलातली रक्कम आणि भरायची शेवटची तारीख पाहिली की आपलं वाचन संपतं. खरं तर मधला मजकूर सावकाश वाचावा असा आहे. माझ्यासमोरच्या घरगुती बिलात एकाखाली एक ओळी आहेत: मंजूर भार 1.50 किलोवॅट. मागील रीडिंग 8412. चालू रीडिंग 8530. गुणक अवयव 1. वापर 118 युनिट. क्रियापद एकही नाही, अलंकार तर औषधालाही नाही. तरी एका घराचा अख्खा महिना या पाच ओळींत मावला आहे. तो वाचायचा तर 1.50 आणि 118 या दोन आकड्यांमधली मोकळी जागा वाचावी लागते.

पहिला आकडा कुवतीचा, दुसरा केलेल्या कामाचा. किलोवॅट सांगतो, या घरानं एका वेळी किती वीज ओढावी. युनिट सांगतं, महिनाभरात एकूण किती ओढली. हे युनिट म्हणजे आडनावानं हाक मारावी तसं अर्धं नाव आहे. पूर्ण नाव किलोवॅट-तास. इंग्लंडात त्याला एकेकाळी ‘बोर्ड ऑफ ट्रेड युनिट’ म्हणत. आपल्या बोलण्यात शेवटचा शब्द तेवढा उरला. नाव असं आखूड झालं आणि त्यातला ‘तास’ दिसेनासा झाला. व्याकरणात अशा शब्दाला अध्याहृत म्हणतात: तो लिहिलेला नसतो, पण त्याच्याशिवाय वाक्याचा अर्थ लागत नाही.

या जोडनावातली छोटी आडवी रेघही नीट वाचायला हवी. गाडीच्या वेगाच्या सवयीनं अनेक जण ‘किलोवॅट प्रति तास’ म्हणून जातात आणि गुणाकाराचा भागाकार होतो. रोजगार हमीच्या कामांवर ‘मनुष्यदिवस’ हा शब्द रोज वापरला जातो. दहा माणसं तीन दिवस खपली तर तीस मनुष्यदिवस भरले. तिथं कुणी ‘माणसं प्रति दिवस’ म्हणत नाही. किलोवॅट-तास त्याच घडणीचा शब्द आहे. एक किलोवॅटचं उपकरण तासभर चाललं तर एक युनिट. 50 वॅटचं चालवलं तर वीस तास पुरेल, पण युनिट एकच.

आता उलटं वाचू. महिना तीस दिवसांचा धरला तर तास होतात 720. 118 युनिटांना त्यांनी भागलं की येतात सुमारे 164 वॅट. म्हणजे फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटर, मुलांच्या परीक्षेची जागरणं हे सगळं सपाट करून पसरलं, तर दोन जुने पंखे रात्रंदिवस फिरत राहण्याहून थोडंच जास्त. मंजूर भार मात्र याच्या नऊपट आहे. घर आपली पूर्ण कुवत क्वचितच वापरतं, हे बिल न बोलता सांगून जातं.

बिलाबाहेरच्या भाषेतही या ओळी उतरतात. एका युनिटात 36 लाख ज्यूल असतात: हजार वॅट गुणिले 3600 सेकंद. आकडा नुसता मोठा वाटतो. त्याला वजन द्यावं. क्विंटलभराचं पोतं समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या माथ्याएवढं, म्हणजे 1646 मीटर उचलायचं. तेच दोनदा केलं तरी एक युनिट पुरतं संपत नाही. बिलात या कामाचा उल्लेख ‘1’ एवढाच.

लय ऐकायची असेल तर मीटरकडे जावं. त्याच्या तोंडावर बहुधा एका युनिटाला 3200 लुकलुकी असं माप छापलेलं असतं. एका लुकलुकीत 1125 ज्यूल. घरात फक्त 75 वॅटचा पंखा असेल तर तांबडा दिवा दर पंधरा सेकंदांनी लुकलुकतो, विलंबित ख्यालच. दोन किलोवॅटचा गिझर लावला की सेकंदाला जवळजवळ दोनदा, थेट द्रुत. लुकलुकींमधलं अंतर कुवत सांगतं आणि त्यांची मोजदाद वापर. बिलात वेगळ्या पडलेल्या दोन ओळी इथं एकाच दिव्यात भेटतात.

शेतावर गेलं की भाषा बदलते. तिथं ‘पाचची मोटर’ म्हटलं की पाच अश्वशक्ती. घोड्याचं हे माप अठराव्या शतकात जेम्स वॅटनं वाफेच्या इंजिनांसाठी ठरवलं: मिनिटाला 33,000 फूट-पाउंड. पुढं त्याच्याच नावाच्या एककात त्याचा घोडा 746 भरला. म्हणून पाचची मोटर 3.73 किलोवॅट काम देते; आठ तासांत जवळपास तीस युनिटांचं. मोटर स्वतः तापते, तेव्हा वीज त्याहून जास्तच ओढते.

मीटर नसलेल्या कृषिपंपांचं बिल आपल्याकडे मात्र अश्वशक्तीवरच आकारलं जातं. 2024 पासूनच्या मोफत वीज योजनेची मर्यादाही 7.5 अश्वशक्ती अशीच, तासांत नव्हे. घरच्या बिलात तास अध्याहृत होता; इथं तो गाळलेलाच आहे. शेतात लाईट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत बॅटरी घेऊन विहिरीवर गेलेला माणूस दारं धरत किती वेळ उभा होता, हे त्या कागदावरून काढता येत नाही. घोडे सगळे मोजलेले आहेत. गुणायला तास नाहीत.