'विश्वसनीय' पिस्तूल : एका विशेषणाची चिकित्सा

लष्कर व पोलीस यांच्या पिस्तुलांविषयी मराठीत जे लेखन होते, विशेषतः २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर जे वर्तमानपत्रांतून विपुल झाले, त्यात 'विश्वसनीय' हे विशेषण मुक्तहस्ते वापरलेले आढळते. ते नेमके कशास लावले जाते, हे पाहणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. प्रश्न केवळ कोशकाराचा नव्हे. ज्या फौजदाराच्या कमरेला ते पिस्तूल असते, त्याच्या जिवाशीही त्याचा संबंध पोहोचतो.

प्रथम नावांचा घोळ. 'पिस्तूल' व 'काडतूस' हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, 'रिव्हॉल्व्हर' इंग्रजांकडून. आणि आपले लेखक पिस्तूल व रिव्हॉल्व्हर ही नावे खुशाल एकमेकांऐवजी योजतात. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या लंडनहून गुप्तपणे आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलातून. त्यास रिव्हॉल्व्हर म्हणणे ही तपशिलाची क्षुल्लक चूक नव्हे. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस फुसके निघाले, तर पुन्हा चाप ओढताच चक्र फिरून पुढचे काडतूस घोड्यासमोर येते. पिस्तुलात पुढचा बार सिद्ध करण्याची शक्ती मागच्या बारातूनच मिळत असल्यामुळे तेथे ही साखळी तुटते, व वरची स्लाइड हाताने मागे खेचावी लागते. काडतूस दुबळे असले, मॅगझिनची कमान सैल झाली, किंवा धरणारे मनगट ढिले पडले, तरी तेच. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर 'विश्वसनीय' हे येथे साकांक्ष पद आहे : कोणत्या काडतुसाने, किती बारांत, कोणाच्या हाती, हे सांगितल्यावाचून त्याचा अर्थ पुरा होत नाही.

अमेरिकी लष्कराने १९११ मध्ये कोल्ट पिस्तूल स्वीकारले, तेव्हा ही आकांक्षा पुरविली गेली होती. सहा हजार बारांच्या चाचणीत ते एकदाही अडकले नाही. प्रतिस्पर्धी सॅव्हेज ३७ वेळा अडखळले. आपल्या लेखनात मात्र 'ग्लॉक सर्वांत विश्वसनीय' एवढे म्हणून लेखणी थांबते. शिवाय न अडकणे निराळे, न मोडणे निराळे. १९८५ मध्ये अमेरिकेने स्वीकारलेल्या बेरेटाच्या काही स्लाइड पुढे तुटल्या. तो दोष टिकाऊपणाचा होता. नको तेव्हा बार न होणे हा तर तिसराच गुण. या तिन्हींना एकाच विशेषणाच्या पोटात घालणाऱ्यास वाद जिंकता येईल, पण पिस्तूल निवडता येणार नाही.

आपल्याकडील ९ मिलिमीटरचे ईशापूर-निर्मित 'पिस्तूल ऑटो १ए' हे त्याच ब्राउनिंगने आरंभिलेल्या व बेल्जियममध्ये १९३५ साली पूर्णत्वास गेलेल्या हाय-पॉवरचे रूप आहे. नावात 'ऑटो' असले तरी ते अर्धस्वयंचलितच. दर गोळीला चाप निराळा ओढावा लागतो. त्यात तेरा काडतुसे मावतात, परंतु पहिल्या बारापूर्वी घोडा चढलेला असावा लागतो, आणि नळीत काडतूस न ठेवता पिस्तूल बाळगले, तर ऐन वेळी दोन्ही हात मोकळे हवेत. 'लष्करात चालते, म्हणून पोलिसांत चालेल' हे अनुमान येथेच लंगडे पडते. सैनिकाचे मुख्य शस्त्र रायफल. अधिकाऱ्याच्या हाती पुष्कळदा पिस्तूलच असते, तेही वर्षानुवर्षे कमरेला आणि क्वचितच झाडलेले. कोल्हापूरच्या पावसाळ्यात चामड्याचे म्यान ओल धरते, तेल सुकते, काडतुसे जुनी होतात. कारखान्यातील चाचणी या चार महिन्यांविषयी काही सांगत नाही, आणि आमचे टीकाकारही त्यांविषयी मौन पाळतात. सरावासाठी वर्षाकाठी किती काडतुसे मिळतात, हा प्रश्न तर त्यांच्या लेखी शस्त्रचर्चेत मोडतच नाही. (परदेशी बनावटीची भुरळ ही केवळ साहित्यातच आढळते असे नाही.)

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याच्या आयुध संशोधन संस्थेच्या सहकार्याने लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी सिद्ध केलेले 'अस्मि' पुढे आले, तेव्हा त्याचे वर्णन 'पहिले स्वदेशी मशिन पिस्तूल' असे झाले. आठ इंची नळी व ३३ गोळ्यांचे मॅगझिन पाहता जातीने ते छोट्या कार्बाइनला अधिक जवळचे आहे. ईशापूरच्या पिस्तुलाशी त्याची तुलना करून जे गुणदोष काढले गेले, ते म्हणूनच बाजूस ठेवावयास हवेत.