नीलेचा प्रवाह आणि व्यापाराच्या वाटा : एका रूढ विवेचनाचा परामर्श

प्राचीन मिसरच्या व्यापाराविषयी लिहावयाचे म्हटले की आरंभी नकाशा मांडावयाचा. नीलेचा प्रवाह, दोहों बाजूंची वाळवंटे व उत्तरेचा समुद्र दाखवावयाचा. आणि व्यापारमार्ग त्यांतून आपोआपच निघाले असे सांगून मोकळे व्हावयाचे, अशी एक रूढी अभ्यासकांत पडून गेली आहे. तिचे मूळ थेट हीरोडोटसपर्यंत नेता येते. ही रूढी सर्वस्वी चुकीची नाही. मात्र ती जेथवर खरी आहे तेथे थांबत नाही, हा तिच्यावरील माझा आक्षेप आहे.

ती जेथे खरी आहे तेथे प्रत्यक्ष भाषाच तिची साक्ष देते. नील दक्षिणेकडून उत्तरेस वाहते. वारा मात्र बहुतेक काळ उत्तरेकडून दक्षिणेस वाहतो. एका दिशेने प्रवाह व दुसऱ्या दिशेने शीड, अशी जाण्यायेण्याची सोय निसर्गानेच करून ठेवली. मिसरी भाषेत ‘खेंती’ म्हणजे प्रवाहाविरुद्ध जाणे आणि दक्षिणेस जाणेही. ‘खेदी’ म्हणजे प्रवाहाबरोबर जाणे आणि उत्तरेस जाणेही. चित्रलिपीत पहिल्या क्रियापदापुढे शीड उभारलेली नौका येते, तर दुसऱ्यापुढे शिडावाचूनची. हा संस्कार इतका खोल होता की, इ. स. पूर्व १५०० च्या सुमारास पहिल्या थुतमोसच्या तोम्बोस येथील शिलालेखात दक्षिणेकडे वाहणाऱ्या युफ्रेटिस नदीचा उल्लेख करताना लेखकाने तिला उलटे पाणी म्हटले. वर जाता जाता खाली वाहणारे असे तिचे वर्णन केले. यात विनोद नाही. त्याच्याजवळची क्रियापदेच नीलेच्या काठी घडलेली होती.

परंतु भूगोलाने शब्द घडविले, यावरून मार्गही त्यानेच ठरविले असे अनुमान निघत नाही. इ. स. पूर्व २३ व्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या हार्खुफ या अधिकाऱ्याचा अस्वान येथील थडग्यावरील लेख या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. दक्षिणेकडील याम देशाच्या सफरींपैकी एकदा तो एलेफंटाइनच्या वाटेने गेला. पुढील खेपेस त्याने मरूद्यानांची वाट धरली. परतताना त्याच्याबरोबर धूप, आबनूस इत्यादी मालाने लादलेली ३०० गाढवे होती. या दोन सफरींच्या दरम्यान नीलेचे धबधबे जागचे हलले नव्हते, वाळवंटही तेच होते. बदल दिसतो तो राजकारणात : आधीच्या लेखनात इर्तजेत व सेत्जू यांच्या अधिपतीचा उल्लेख आहे, नंतरच्या लेखनात त्यांच्या जोडीला वावातही आले आहे. या अधिपतीने परतीची वाट मोकळी करून दिली तीही हार्खुफबरोबर यामचे मोठे सैन्य होते म्हणून, असे लेखच सुचवितो. नकाशावर बोट ठेवून याचा उलगडा व्हावयाचा नाही.

तांबड्या समुद्राच्या वाटेची गोष्ट याहून बोलकी आहे. कोप्तोसजवळ नील पूर्वेकडे वळते आणि तेथून समुद्र सर्वांत जवळ पडतो, हे खरे. पण ‘जवळ’ म्हणजे निर्जल वाळवंटातील कित्येक दिवसांची चाल. मिसरमध्ये समुद्रगामी नौकांस योग्य असे लांब लाकूड नव्हते. ते लेबनॉनमधून आणावे लागे. स्नेफ्रूच्या काळी देवदाराने भरलेली ४० जहाजे आल्याची नोंद पालेर्मोच्या शिलेवर आहे. पहिल्या सेनुस्रेतच्या आज्ञेने त्याचा वजीर इंतेफिकेर याने पुंतच्या सफरीसाठी कोप्तोसच्या गोदीत, म्हणजे नदीकाठी, नौका बांधविल्या. त्यांचे भाग सुटे करून वाळवंटापार नेत व किनाऱ्यावर पुन्हा जोडीत. कॅथरिन बार्ड व रोदोल्फो फत्तोविच यांनी २००१ पासून वादी गवासिस येथे केलेल्या उत्खननात गुहांमधून दोरखंडांची वेटोळी व देवदाराच्या फळ्या हाती आल्या.

भूगोलाने येथे मार्ग दिला असे म्हणणे म्हणजे शब्दांची उधळपट्टी होय. भूगोलाने अडथळा दिला. मार्ग दिला तो धूप व सोने यांच्या हव्यासाने, आणि हजारो माणसे राबवू शकणाऱ्या राजसत्तेने. शिवाय एक वाट दुसऱ्या वाटेवर उभी होती. समुद्रगामी नौकेस मिसरी लोक ‘केबेनेत’ म्हणत. हा शब्द केबेन म्हणजे बिब्लोस या लेबनॉनच्या किनाऱ्यावरील बंदराच्या नावावरून आला आहे. दक्षिणेस पुंतकडे निघालेली जहाजेही याच नावाने ओळखली जात, आणि त्या जहाजांनी बिब्लोस कधी पाहिले नव्हते.