२८१ टेराबाइटची कबुली

तांत्रिक दस्तऐवजाचं रसग्रहण म्हटलं की भुवया उंचावणारच. पण एसक्यूलाइट या डेटाबेसच्या माहितीपुस्तकात मर्यादांविषयीचं एक प्रकरण आहे, ते चांगल्या निबंधासारखं पुन्हा पुन्हा वाचावं असं आहे. लिफ्टमधली ‘६ व्यक्ती’ ही पाटी नुसता आकडा सांगून मोकळी होते. इथे बहुतेक आकड्यांच्या पाठोपाठ त्यांचं कारण येतं, आणि गोडी आहे ती त्या कारणांत.

सुरुवातच पाहा. अमेरिकेतल्या डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली हा डेटाबेस प्रसिद्ध केला. मर्यादा शक्यतो घालायच्याच नाहीत असं तेव्हाचं धोरण. मेमरीत मावतंय आणि ३२ बिटांच्या आकड्यात मोजता येतंय ना, मग चालू द्या! पुढे हे औदार्य अंगाशी आलं. हद्दच ठरलेली नाही, तर तपासणार काय? टोकाला ताणलं की बग निघत, त्यांतले काही सुरक्षेलाही धोका ठरू शकणारे. म्हणून हद्दी आखल्या गेल्या आणि त्यांच्या चाचण्या सुरू झाल्या. हे सगळं मोजक्या वाक्यांत सांगितलं आहे. सारवासारव नाही, की ऊर बडवणं नाही.

एका टेबलात २,००० कॉलम ही डीफॉल्ट मर्यादा. कंपाइल करताना ती ३२,७६७ पर्यंत वाढवता येते, पण कॉलम दुप्पट केले तर आतल्या काही कामांना चौपट वेळ लागू शकतो, हेही बजावलेलं आहे. वर एक हळूच चिमटा: नीट बेतलेल्या टेबलाला शंभरावर कॉलम लागतच नाहीत, असं अनुभवी मंडळी म्हणतात म्हणे. टोमणा दुसऱ्याच्या तोंडून मारायची ही खुबी मला फार आवडते. जॉइनमध्ये मात्र ६४ टेबलं म्हणजे ६४. तिथे घासाघीस नाही, कारण क्वेरीचा आराखडा ठरवताना प्रत्येक टेबलामागे एक बिट राखलेला असतो.

मजकुराची डीफॉल्ट मर्यादा १ अब्ज बाइट. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसकट, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. तरी तेहतीस कोटी चिन्हं मावतात, आपल्याला चिंता नाही. पोस्टग्रेस्क्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये टेबलाच्या नावाला ६३ बाइटच मिळतात, तिथे मराठी माणूस अडतो. ‘विद्यार्थ्यांची_हजेरी’ ६१ बाइटांत जेमतेम बसतं. त्यातल्या ‘हजेरी’चं ‘हजेरीपट’ केलंत की शेपूट छाटलंच!

या प्रकरणाचा खरा कळस आहे डेटाबेसच्या एकूण आकारात. ६५,५३६ बाइटांचं एक पान, अशी जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९४ पानं, म्हणजे सुमारे २८१ टेराबाइट. दुसऱ्या कोणी इथे जाहिरात केली असती. इथे लागलीच कबुली येते की ही हद्द गाठून पाहिलेली नाही, कारण तेवढं हार्डवेअरच विकासकांपाशी नाही. मग तपासलं काय? डिस्क भरली किंवा फाइल सिस्टिमची कमाल मर्यादा आली तर डेटाबेस शहाण्यासारखा वागतो का, ते. वापरणाऱ्याच्या नशिबी येणारा प्रसंग तोच असतो. टेबलातल्या ओळींचंही तसंच. कागदावर मर्यादा १८ वर १८ शून्यांच्याही पलीकडची, पण त्याआधीच २८१ टेराबाइट संपतात आणि फार तर वीस लाख कोटी ओळी मावतात. त्याही अगदी लहान आणि इंडेक्सविना.

उणं काढायचंच तर एक आहे. सगळे आकडे एका तक्त्यात मांडलेले नाहीत, घाईतल्या माणसाला ते मजकुरातून वेचावे लागतात. पोस्टग्रेस्क्यूएलचं परिशिष्ट याबाबतीत सरस आहे. जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांना मात्र एसक्यूलाइटने वाऱ्यावर सोडलेलं नाही. क्वेरीतल्या व्हेरिएबलची डीफॉल्ट मर्यादा ३.३२.० या २०२० मधल्या आवृत्तीपूर्वी ९९९ होती आणि तेव्हापासून ३२,७६६ आहे. प्रकरणात दोन्ही आकडे दिलेले आहेत.