दंतधावन : विधी आणि निषेध

दंतारोग्यावरील मराठी लेखनात सुश्रुताचा हवाला वारंवार दिला जातो. पण तो बहुधा निंबाच्या नावाशीच थांबतो. ही उणीव क्षुल्लक नव्हे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, २४ व्या अध्यायात, दातवण १२ अंगुळे लांब, करंगळीएवढे जाड, सरळ, ताजे व निर्ग्रंथ असावे असे सांगितले आहे. तिक्तांत निंब, कषायांत खदिर, मधुरांत मधुक आणि कटूंत करंज श्रेष्ठ. निवड मात्र ऋतू व दोष पाहून करावयाची. (कडूपणालाच औषध समजणाऱ्यांस मधुकाचे नाव चमत्कारिक वाटेल.) हिरड्यांना इजा होऊ देऊ नये हे तेथे स्पष्ट आहे, मुखपाक, श्वास, कास, उचकी, वांती असताना दातवण निषिद्धच आहे. आमच्या लेखकांनी विधी उचलला, निषेध गाळला.

परिणामी 'वनस्पतिजन्य ते निरुपद्रवी' असे समीकरण रूढ झाले. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, तीही वनस्पतीच. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनांत तंबाखू वापरण्यास बंदी केली, तरी घरी भाजलेली मशेरी दातांना लावणे थांबलेले नाही, आणि तंबाखू मुखकर्करोगाचे कारण आहे. दंतक्षय रोखण्याबाबत फ्लोराइडयुक्त पेस्टइतका भक्कम पुरावा निंबाच्या काडीपाशी नाही, हेही या लेखनात क्वचितच येते.

मूळ ग्रंथही परीक्षेपासून मुक्त नाहीत. वाग्भटाने दातवणासाठी अर्क, म्हणजे रुई, सांगितली आहे. तिचा चीक दाहक असतो.