पावसाळी मुक्काम

धनगरांचा वाडा बहुतेकांनी पाहिलेला असतो तो वाटेवर, घाटात घोड्यांच्या रांगेमागे गाडी थांबली की काचेतून. चालता वाडा देखणा असतोच. पण त्याची रचना वाचायची तर तो थांबलेला असताना, आणि तोही फिरतीचा हंगाम नसताना पाहावा. दसरा-दिवाळीला वाडे माळ सोडतात, कोकणात आणि मावळपट्ट्यात उतरतात, मृगाच्या आगेमागे परततात. आषाढ-श्रावणात ते बारामती, इंदापूर, फलटणच्या माळांवर असतात. कन्हेरीच्या मुरमाड माळावर पडलेला असा मुक्काम मला एखाद्या कसून बांधलेल्या ओवीसारखा वाटतो. त्यात भरतीचा शब्द सापडत नाही.

आधी जागा. कन्हेरी गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते तिथल्या मारुतीमुळे. पवार कुटुंबाच्या प्रचाराचा नारळ वर्षानुवर्षं त्याच्यापुढे फुटत आला आहे. नीरा डाव्या कालव्याने या टापूचे दोन रंग केले. पाणी पोचलं तिथे ऊस, पोचलं नाही तिथे माळ, कुसळी गवत, तरवड, बाभूळ, हिवर. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर. घाटाखाली कोकणात तोच अडीच-तीन हजारांवर जातो. आपण ज्याला दुष्काळी म्हणून हळहळतो, तेच कोरडेपण दख्खनी मेंढीला हवं असतं. सततच्या ओलीत तिचे खूर कुजतात, लोकर भिजून जड होते. कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी धनगरांच्या वस्तीचा अभ्यास केला, तेव्हा मेंढ्या पाळणारे हटकर अशाच निमकोरड्या पट्ट्यात आणि म्हशी राखणारे गवळी धनगर घाटमाथ्याच्या दाट पावसात, अशी वाटणी त्यांना दिसली. पावसाचा नकाशा आणि माणसांचा नकाशा एकमेकांवर असे चपखल बसलेले पाहिले की त्यामागच्या पिढ्यांच्या पारखीला मान द्यावासा वाटतो.

हीच पारख मुक्कामाच्या जागेतही उतरते. वाडा खोलगट जागी बसत नाही आणि अगदी टेकाडावरही चढत नाही. हलका उतार, पायाखाली मुरूम, पाणी हाकेच्या अंतरावर. "हितं नगं, रातीला पानी साचंल," असं एखादी म्हातारी म्हणाली की घोडी पुढे सरकतात. जागा ठरवण्यात बाईचा शब्द मोठा, कारण फिरतीवर बिऱ्हाड नेते ती. पुरुष मेंढरं घेऊन चाऱ्याच्या लांब वाटेने जातात. बाया लादलेली घोडी घेऊन जवळच्या वाटेने पुढे होतात, चूल मांडतात, पाणी भरतात. दोन वेगवेगळ्या गती सकाळी फुटतात आणि संध्याकाळी एका ठिकाणी जुळतात. या एका योजनेवर अख्खा वाडा उभा आहे.

सामानाकडे पाहावं. पाल, काठ्या, दोर, हंडा, परात, तवा, धान्याची पोती, अंथरूण, औषधाची बाटली, अलीकडे सौर दिवा आणि मोबाइल. प्रत्येक वस्तू घोड्याच्या पाठीवर तोलून पाहिलेली. दोन्ही बाजूंना सारखं वजन, जड ते खाली, आणि वर जिवंत माल: चालता न येणारी कोकरं, कोंबड्या, लहान मूल. घरात काय असावं हे इथे घोडं ठरवतं. पावसाळी मुक्कामात मात्र हा कस थोडा सैल होतो, आणि मला ती सैलाई फार आवडते. दोरीवर जास्तीचं लुगडं वाळत असतं, एखादी जड कढई गावातल्या घरातून आलेली असते. हो, यांतल्या अनेकांची गावात पक्की घरं आहेत. शाळेची पोरं आणि थकलेली माणसं तिथेच राहतात. तरीही कळपाजवळ कुणीतरी रोज निजतंच, कारण या माळावर लांडगा आहे. जाळीची वाघर, दोन कुत्री आणि जागं माणूस, एवढीच राखण.

या रचनेतला सर्वांत उत्कट भाग दिवस कलताना येतो. दिवसभर कोकरं वाघरीत, आया रानात. कळप माळाच्या कडेला दिसला की आतून एकच कल्लोळ उठतो आणि पलीकडून आया उत्तर देऊ लागतात. वाघर सोडली जाते. नवख्याला वाटतं, आता सगळा गोंधळ होणार. पण प्रत्येक कोकरू धावत जातं, एकदोन ठिकाणी हुंगून झिडकारलं जातं आणि आपल्या आईशी पोचतं. आवाजाने जवळ, वासाने खात्री. जे चुकतं त्याचा पाय धरून बाई त्याला नेमकं त्याच्या आईखाली लावते. पाहता पाहता आवाज विरतो आणि फक्त शेपट्या हलत राहतात. इतक्या कोलाहलातून इतक्या लवकर लागणारी सम मी मैफलीतही क्वचित अनुभवली आहे.

याच दिवसांत शेजारच्या काटेवाडीत जे घडतं त्याचा अर्थही या मुक्कामाजवळून नीट लागतो. तुकाराममहाराजांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेला पालखी सोहळा बारामतीहून सणसरच्या मुक्कामाला निघतो, तेव्हा वाटेत काटेवाडीला परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. मेंढरांवर रोगराई येऊ नये ही त्यामागची श्रद्धा. पाहणारे बहुधा धावणाऱ्या मेंढ्यांतच रमतात. मला त्यातली वेळ अधिक मोलाची वाटते. वारकऱ्यांचा चालण्याचा महिना तोच धनगरांचा थांबण्याचा. माघात पालखी आली असती तर काटेवाडीत एवढे कळप भेटलेच नसते. ट्रकवर तंबू, भांडी, शिधा घेऊन निघालेली दिंडी आणि घोड्यावर बिऱ्हाड बांधणारा वाडा, अशी दोन फिरती घरं वर्षातून एकदा समोरासमोर येतात, आणि त्या दिवशी थांबलेलं घर चालत्या घराभोवती धावतं.

पालावर आता प्लॅस्टिकचा कागद असतो. त्याचं मला दुःख नाही. तो हलका आहे आणि गळत नाही, म्हणजे वाड्याच्या नियमात बसतो. काही जणांनी घोड्याऐवजी टेम्पो घेतला, तोही बसतो. सलते ती लोकर. कातरलेल्या काळ्या लोकरीला आज भाव नाही. ज्या आखूड, राठ धाग्याने पिढ्यान्‌पिढ्या घोंगडी दिली, तो अनेकदा बांधावर टाकून द्यावा लागतो. त्याहून मोठी अडचण जागेची. पूर्वी शेतकरी रिकाम्या रानात रात्रभर मेंढ्या बसवून घ्यायचा, लेंडीखताच्या बदल्यात धान्य द्यायचा. उसाला रिकामं रानच नसतं. तोडणीनंतर थोडं वाढं मिळतं तेवढंच. वनखात्याच्या हद्दीत रोपांसाठी चर खणले, कुंपण आलं की तिथेही पाय ठेवता येत नाही.

राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. चाकांवरच्या घरांना थांबायला पाणी-विजेची सोय असलेली जागा असावी, ही त्यातली कल्पना. कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनखात्याची गवताळ सफारी सुरू झाली आहे, चिंकारा आणि लांडगा पाहायला लोक येतात. दोन्ही गोष्टी मला हव्याच आहेत. मात्र याच माळांच्या नकाशावर वाड्यांचे जुने मुक्काम, त्यांचे पाणवठे आणि त्यांच्या वाटाही गावागावांतल्या मेंढक्यांना विचारून नोंदवाव्यात, आणि कुंपण घालण्याआधी ती नोंद समोर ठेवावी. विचारायला आषाढ-श्रावणच बरा. तेव्हा ते घरी असतात.