ध्वनियंत्रांची परीक्षणे आणि बोलीचा पुरावा

ध्वनिमुद्रण-यंत्रांची परीक्षणे हा संगीतशौकिनांचा विषय आहे, अशी समजूत रूढ आहे. बोलीच्या अभ्यासकाला मात्र ती परवडणारी नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीचे उदाहरण घ्यावे. झाडीबोलीत ‘श’चे स्थान ‘स’ घेतो, हे तिच्या वर्णनातील प्रमुख विधान होय. पण या दोन वर्णांचा भेद मुख्यतः घर्षणाच्या उच्च वारंवारतेत असतो. जुन्या दूरध्वनीप्रमाणे ३४०० हर्ट्झच्या पुढील भाग गाळणाऱ्या यंत्रात तो पुसट होतो. अशा मुद्रणावरून निघालेला निष्कर्ष बोलीविषयी आहे की यंत्राविषयी, हे कसे ठरवावे?

परीक्षणे बहुधा ‘स्वच्छ’, ‘नैसर्गिक’ या विशेषणांपाशी थांबतात. कशाच्या तुलनेत, किती अंतरावरून, कोणत्या कोलाहलात, हे सांगितल्यावाचून विशेषण हे मतच राहते. शिवाय दोन यंत्रांपैकी किंचित मोठ्याने वाजणारे यंत्र कानाला सरस भासते; म्हणून पातळी समान करून आणि नाव झाकून ऐकणे ही किमान अट होय.

भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी, उत्पादकाशी असलेला संबंध उघड करण्याचा नियम केला. तो योग्यच आहे. तथापि संबंध कळल्याने परीक्षकाचा हेतू तपासता येतो, निर्णय तपासता येत नाही. स्वखर्चाने यंत्र घेणाराही आपल्या खर्चाचे समर्थन करू शकतो.

सबब परीक्षणासोबत मूळ मुद्रण आणि मुद्रणाची परिस्थिती दिली जावी. वाचकाला स्वतः ऐकून परीक्षकाशी असहमत होता आले, तरच त्या परीक्षणाच्या आधारे निवडलेल्या यंत्रावर बोलीचा पुरावा सोपवावा.