डाकारचं रॅप: आशयापलीकडे ऐकताना

सेनेगालच्या रॅपवरचं लेखन बहुतेकदा २०११ पाशी घुटमळतं. त्या जानेवारीत काओलाक शहरातल्या 'कर गी' या रॅपर जोडीने पत्रकार फादेल बारो यांच्यासोबत 'याँ ना मार' ('आता पुरे') ही चळवळ उभी केली. विजेच्या लपंडावाने लोक आधीच विटले होते. ज्यांच्या कारभाराविरुद्ध ही चळवळ होती, ते अध्यक्ष अब्दुलाय वाद पुढच्या वर्षी निवडणूक हरले. एवढं मोठं राजकारण घडलं, की ती गाणी होती कशी, हे कुणी विचारत नाही. सामाजिक भान असलेल्या संगीताचा हा सर्वांत मोठा तोटा आहे. त्याचा आशय तेवढा वाचला जातो.

राजधानी डाकारमध्ये रॅप आलं ते सुस्थितीतल्या घरांतून. १९८० च्या दशकात अमेरिकी रेकॉर्डी ज्यांच्या हाती लागत, त्या मुलांनी आधी ब्रेकडान्स केला, मग इंग्रजी रॅपची नक्कल. दिदिए अवादी आणि अमादू बारी ऊर्फ डग्गी टी हे त्यांतल्याच दोन प्रतिस्पर्धी गटांतले. १९८९ मध्ये ते एकत्र आले आणि 'पॉझिटिव्ह ब्लॅक सोल' हा गट तयार झाला. आफ्रिकी एकजुटीच्या त्यांच्या घोषणांपेक्षा मला मोलाचं वाटतं ते त्यांचं वोलोफकडे वळणं. या भाषेतली जोडव्यंजनं आणि ऱ्हस्व-दीर्घाचा काटेकोर भेद ठेक्यावर असा बसतो, की शब्द न कळताही वाक्याचा रोख कळतो. नक्कल संपली ती तिथे.

'दारा जे' या त्रयीने २००३ च्या 'बूमरँग' अल्बममध्ये एक ठाम दावा मांडला: रॅप मूळचं आफ्रिकेचंच, अमेरिकेत वाढून ते घरी परतलं आहे. समीक्षकांना हा दावा फार आवडला. पुरावा म्हणून ग्रिओंची, म्हणजे पिढीजात गायक-भाटांची परंपरा आणि साबर ढोलांच्या साथीने म्हटली जाणारी 'तासू' ही तालबद्ध उक्ती पुढे केली जाते. भावना खरी आहे, इतिहास मात्र इतका सरळ नाही. ग्रिओ प्रसंगी कान उपटत असला, तरी त्याचं मुख्य काम आश्रयदात्याची वंशावळ आणि थोरवी गाण्याचं, आणि त्याची बिदागी त्याला मिळे. रॅपर त्याच आश्रयदात्याला जाब विचारतो. हे नातं वारशाचं कमी आणि भांडणाचं जास्त आहे.

'दारा जे'चं खरं सामर्थ्य या सिद्धांतात नसून त्या त्रयीतल्या फादा फ्रेडीच्या गळ्यात आहे. त्याच्या सोल गायकीमुळे ध्रुवपद आलं की गाण्याला उंची मिळते, आणि आधीच्या रॅपमधला राग नुसता त्रागा राहत नाही. २०१५ च्या 'गॉस्पेल जर्नी' या अल्बममध्ये त्याने वाद्यंच वगळली. कंठ, टाळ्या, छातीवरच्या थापा, बस्स. सेनेगालमधून आलेल्या या पिढीच्या कामात इतकं धाडसी ध्वनिशिल्प मी दुसरं ऐकलेलं नाही.

शब्दांच्या बाजूने तितकीच मजल खुमान आणि केटी या रॅपरांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'जुर्नाल रापे'ने मारली. एक जण फ्रेंचमध्ये, दुसरा वोलोफमध्ये बातम्या रॅप करतो. बातमीच्या बंधनामुळे उपदेशाला जागाच उरत नाही.

उणीव आहे ती वेगळीच. जिचा वारसा सांगितला जातो ती तासू प्रामुख्याने बायकांची, पण रॅपचा मंच पुरुषांचा. १९९७ मध्ये 'आलिफ' हा पूर्ण स्त्रियांचा गट उभा राहिला, तरी त्यामागे रांग लागली नाही. २००९ मध्ये 'साराबा' हा अल्बम करणारी सिस्टर फा स्त्रियांच्या खतन्याविरुद्ध गावोगाव फिरली. तिच्यावरचे लेख त्या मोहिमेबद्दल भरभरून सांगतात. ती ताल कसा धरते, ओळ कुठे तोडते, हे त्यांत क्वचितच सापडतं.